मास्तरांचा किलोमीटर

पुणे,
3 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस
सा. नमस्कार.

फोनवर बाबांना आता नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की त्यांना वाटतं मी भांडतेय. म्हणून लिहिते. आई, रात्रीची जेवणं आटोपली की पडवीत बसून तू हे मोठ्याने वाच. आपण घरात सगळे कोंकणीत बोलतो, पण कागद पुढे घेतला की बाबांच्या शाळेतली मराठीच हाताला येते. त्याला इलाज नाही.

क्लबच्या पोरांचा परवा फोन आला होता. चवथीच्या आधीच्या रविवारी, 24 तारखेला, आपल्या वाड्यावरच्या धाकल्याच्या आठवणीसाठी दहा किलोमीटरची शर्यत ठेवतायत. शाळेपासून मोरीपर्यंत आणि परत, असं पाच वेळा. मांडव, सरबत, बक्षिसं, सगळं ठरलंय म्हणे. "फक्त मास्तर वेळ घ्यायला येत नाही म्हणाले, ताई. तू सांगून बघ." मी हो-नाही काहीच बोलले नाही. घड्याळ किल्ली न देता कपाटात पडलंय, हे आईने मला शिगम्यातच सांगितलं होतं.

(त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आई, वाचताना तू तिथेच अडशील. वाड्यावर सगळे त्याला धाकलोच म्हणत, तेच बरं.)

धाकलो धावायला लागला तो काही शर्यतीसाठी नव्हे. सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराच्या भोंग्यामुळे. आठवतं ना? 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि त्याच्या बाबांचा ट्रक ताडपत्री घालून जो उभा राहिला, तो राहिलाच. मध्ये थोडे दिवस चाकं फिरली, 2018 मध्ये पुन्हा थांबली, आणि मग ताडपत्रीवर भोपळ्याचा वेल चढला. त्या घरात तेव्हा पाव उधारीवर यायचे. मोठी माणसं लाजून दारात यायची नाहीत, म्हणून पाव आणायला धाकल्याला पाठवत. हा पदेराच्या सायकलीपुढे पळत सुटायचा आणि घराघराला ओरडून सांगायचा, "पाव आयले!" पदेर त्याला दोन उंडे जास्त द्यायचा. मजुरीच होती ती, पण आपल्याला तो खेळ वाटायचा.

मग माटोळीचं, गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या छताचं. चवथीच्या दोन दिवस आधी पोरं रानात निघायची, कवंडळं, कांगलं, आंबाड्याचे घोस आणायला. बाकीची अजून चोर्ला घाटाच्या पायथ्याशी जळवा काढत बसलेली, आणि हा वरून पिशवी भरून उतरायचा. तेव्हाच बाबा एकदा म्हणाले होते, "याला फुटबॉलात घालू नका रे, याचा दम वाया जाईल." आपल्याकडे पोरगा पळतो म्हटलं की आधी त्याच्या पायात चेंडू देतात. राज्याचा खेळच तो. बाबांनी तसं होऊ दिलं नाही.

आणि तो किलोमीटर! 2016 च्या दिवाळीत मी घरी आले होते तेव्हा तुम्ही मोजलात. सायकलच्या चाकाला खडूची खूण, एक फेरा म्हणजे सव्वादोन मीटरला थोडा कमी, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या वर चार-पाच फेरे. तुम्ही सायकल ढकलत होता आणि मी मोजत मागून येत होते. धाकलो खडू धरून पुढे. शाळेच्या पायरीपासून निघालो आणि आकडा भरला तिथे तुम्ही मोरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाने रेघ मारलीत. ती अजून आहे.

पुढची सगळी वर्षं तो त्या रेघेपर्यंत जाऊन-येऊन धावला. पहाटे तुम्ही पडवीत एचएमटी हातात धरून बसलेले, आई चुलीवर पेज ठेवून मधूनच विचारायची, "कितवी फेरी?" वाड्यानेही वार वाटून घेतल्यासारखं केलं होतं. कोणाकडे नाचणीची आंबील, कोणाकडे उकडलेली अंडी, भटजींच्या घरून केळी. केरीहून येणारी पहिली बस त्याला ओलांडताना भोंगा वाजवायची आणि आतली माणसं खिडकीतून हात काढायची. दुसऱ्या कोणासाठी आपली माणसं इतकी एकत्र आलेली मी तरी पाहिली नाहीत. एरवी देवळाच्या मानावरून तीन वर्षं एकमेकांशी अबोला धरणारी ही माणसं!

तुमच्या वहीत त्याची सगळ्यात चांगली वेळ दहा किलोमीटरला 36 मिनिटं आहे. पुढे त्याच्याकडे मोबाईल आला, तेव्हा त्याने अंतर मोजलं आणि मला हळूच फोन केला. "ताई, मास्तरांचा किलोमीटर तीस मीटर लांब आहे." म्हणजे दहाला तीनशे मीटर जास्त. म्हणजे पोरगा खरा पस्तिसाच्या आत होता. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, मोबाईल चुकतो. मोबाईल चुकत नव्हता, बाबा. त्या दिवशी वळणावर समोरून गाई आल्या, मी बाजूला झाले आणि आकडा विसरले. अंदाजाने पुढे मोजत गेले. तेरा-चौदा फेरे मी खाल्ले. नऊ वर्षं हे बोलले नाही, कारण तुम्ही ती रेघ फार ऐटीत मारली होती.

बांबोळीला तो राज्याच्या स्पर्धेत चौथा आला, तेव्हा त्याच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट होते. चौथ्याला पदक नसतं, तरी वाड्याने फटाके लावले. मग 2023 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा गोव्यात आल्या. किती वर्षं पुढे ढकलल्या आणि शेवटी एकदाच्या झाल्या, यावर बाबांचं अर्धा तास भाषण झालं होतं. धाकलो बांबोळीच्या स्टेडियमवर दहा हजार मीटर बघायला गेला. पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या त्याने बोटांवर मोजल्या. संध्याकाळी मला फोन. किती वेळ बोलत होता! ते शेवटच्या फेरीत गुडघे कसे उचलतात, मधल्या फेऱ्यांत खांदे कसे सैल सोडतात. मग जरा थांबून म्हणाला, "ताई, एक वर्ष फक्त सराव करू का? नीट कोणाकडे तरी शिकून. मग भरतीला बसतो."

इथून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. त्यासाठीच हे पत्र आहे.

मी त्याला म्हटलं, "धावून पोट भरत नाही रे. आधी पायांवर उभा राहा." हेच शब्द. आणि वर मोठेपणाने माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला फोन केला, तिने तिच्या कारखान्यात शब्द टाकला, आणि त्याला काम लागलं. रात्रपाळीचं. रात्री कामावर जायला बस नाही, म्हणून स्कूटर. स्कूटरसाठी कर्ज. कर्जाला जामीन बाबा.

बाबा, तुमची सही त्या साखळीतली शेवटची कडी. पहिली मी घातली. त्याने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मीच त्याला बजावलं होतं, "मास्तरांना कळू देऊ नको मी सांगितलं म्हणून. ते म्हणतील, पोराचा सराव मोडला."

आणि मोडलाच. सकाळी सातला सुटून घरी आला की झोपायच्या आधी चार फेऱ्या मारायचा, हे तुम्हीच मला हौसेने सांगायचात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रात्रभर उभं राहिलेले पाय आणि वर पळणं. त्या पहाटे पाऊस होता, लवकर सुटला होता, सगळं खरं. पण डोळा लागला असणार, बाबा. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती, असं तुम्हीच म्हणालात.

अंत्ययात्रेच्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "मास्तरांनी सही केली नसती तर." कोण ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. मी तिथे, तुमच्या मागे दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं नाही. तुम्ही मान खाली घातलीत आणि त्यानंतर पहाटे पडवीत बसणं सोडलंत. एक वर्ष झालं. मी इकडे पुण्यात बसून आईकडून ऐकत राहिले, "हल्ली ते उशिरा उठतात." तुम्ही उशिरा उठणारे! पंच्याहत्तरीतल्या माणसाला माझं ओझं वाहायला लावलं मी, आणि वर विचारायचे, गुडघ्याला तेल लावता ना?

त्याच्या आईला मी आल्यावर समोर बसून सांगणार आहे. ती काय म्हणेल ठाऊक नाही. आई, तू तिला आधीच काही सांगू नको. आणि तू माझ्यासोबत आलीस तर बरं, पण आत येऊ नको, अंगणात थांब.

शर्यतीला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, बाबा. मी पोरांना तुमच्या वतीने काही कबूल केलेलं नाही. पण ती पोरं त्या रेघेपर्यंत धावणार आणि ती रेघ माझ्यामुळे चुकीच्या जागी आहे, हे मला आता सहन होत नाही.

मी 22 ला रात्रीच्या बसने निघते, शनिवारी सकाळी पोचेन. सायकल माळ्यावरून खाली काढून ठेवा. ट्यूब सडली असेल तर वाळपईहून नवी आणून घ्या, पैसे मी देते. हवा नीट भरा, चाक बसलं की मोजणी चुकते, हे तुमचंच. शाळेच्या पायरीपासून सुरुवात करू. खडूची खूण तुम्ही करा. फेरे मी मोजते, आणि या वेळी गाई आल्या तरी जागची हलणार नाही.

आई, चितळ्यांची बाकरवडी आणते. पेजेबरोबर खायची नसते, हे बाबांना सांग.

तुमची
बाय