दात काढण्याआधी लगाम पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून घरी आणलेल्या दोन-अडीच वर्षांच्या शिंगरांना आता लगामाची सवय लावणे सुरू होईल. त्यांतले एखादे मान झटकू लागले, तोंड वासू लागले किंवा एका अंगाला वळेनासे झाले, की कोणीतरी त्याच्या तोंडात बोट घालून सांगतो, ‘‘याला आतला दात आहे, काढून टाका.’’ हा सल्ला काही वेळा बरोबर असतो. परंतु तो ज्या घाईने दिला जातो आणि त्याहून अधिक घाईने अमलात आणला जातो, ती घाई मुक्या जनावराला फार महागात पडते. अनेक वर्षे घोडे पाळणारा एक शेतकरी या नात्याने मला त्याविषयी कळकळीने लिहावेसे वाटते.

पशुवैद्यक ज्याला ‘वुल्फ टूथ’ म्हणतात, तो हा दात बहुधा वरच्या जबड्यात, पहिल्या मोठ्या दाढेच्या अगदी पुढे येतो. घोड्याच्या अतिप्राचीन पूर्वजांना या पहिल्या उपदाढेचा उपयोग होता. आजच्या घोड्याला चारा चावताना तिचे काहीच काम पडत नाही. ती साधारणपणे सहा महिने ते दीड वर्षाच्या वयात उगवते, घोडा व घोडी दोघांतही आढळते आणि पुष्कळ जनावरांत मुळीच दिसत नाही. सुळा हा निराळा दात आहे. तो चार-पाच वर्षांच्या सुमारास, मुख्यतः नरांना येतो आणि पुढच्या दातांनंतरच्या मोकळ्या जागेत उभा असतो. बाजारात दातांवरून वय ठरवणारे गिऱ्हाईक पुढचे दात पाहूनच तोंड मिटवते, त्यामुळे आत काय आहे याची नीट पारख फार थोड्यांना असते. सुळ्यालाच ‘आतला दात’ समजून तो उपटण्याची भाषा करणारी माणसे मी पाहिली आहेत. सुळ्याचे मूळ लांब आणि घट्ट रुतलेले असते, म्हणून ही चूक साधी म्हणता येत नाही.

दात काढण्याचे खरे कारण लगामाशी निगडित आहे. लगाम ओढला की ओठाच्या कोपऱ्याकडील आणि गालाच्या आतील मऊ कातडी मागे सरकून या दातावर दाबली जाते. दात टोकदार असेल, हलत असेल किंवा नेहमीच्या जागेपेक्षा पुढे आलेला असेल, तर तेथे जखम होते. हिरडीखालीच राहिलेला, वरून फक्त टणक गाठीसारखा हाताला लागणारा दात तर अधिकच त्रास देतो, आणि खालच्या जबड्यात क्वचित येणारा असा दात लोखंडी कडीच्या वाटेतच येतो. अशा वेळी तो लगाम लावण्यापूर्वीच काढावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र दाढेला लागून सरळ उगवलेला, घट्ट बसलेला लहानसा दात केवळ ‘सगळेच काढतात’ म्हणून काढावा, असे मला वाटत नाही.

याच वयात तोंड दुखण्याची इतर कारणेही असतात. अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान दुधाच्या दाढा पडून नव्या येतात. शिवाय घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस तीक्ष्ण कडा तयार होऊन गाल सोलवटतो. त्या कडा घासून घेतल्या, की ‘अडेल’ ठरवलेले जनावर शांत झाल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. आणि लगामाचे काय? आपल्याकडे वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांच्या तोंडात आजही काटेरी लगाम दिसतो. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी काटे किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास मनाई केलेली आहे. असा लगाम तोंडात ठेवून दाताला दोष देणे हा त्या जनावरावर उघड अन्याय आहे.

माझ्या एका घोडीचा हा दात मी काही वर्षांपूर्वी एका अनुभवी म्हणवणाऱ्या माणसाकडून काढून घेतला. भूल नाही, गुंगी नाही; चौघांनी तिला आवळून धरले आणि सांडशीने दात ओढला. तो मुळाशी मोडला, तुकडा आत राहिला, हिरडी सुजली आणि पुढे कित्येक महिने ती कोणाला तोंडाला हात लावू देईना. ती परवानगी मी दिली होती, याचे दुःख मला आजही आहे. तिला धनुर्वात झाला नाही हे तिचे नशीब, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार अशी शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, आणि त्यामागे सबळ कारण आहे. टाळूच्या कडेने मोठी रक्तवाहिनी जाते. हत्यार निसटले तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून आधी गुंगीचे इंजेक्शन व जागेवर भूल देऊन, हिरडी सोडवून, दात सावकाश सैल करत मुळासकट काढावा लागतो. धनुर्वाताची लस दिलेली आहे याची खात्री करावी लागते आणि जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तोंडात लगाम घालता येत नाही.

यंदा घेतलेल्या माझ्या शिंगराला दोन्ही बाजूंना हे दात आहेत. पशुवैद्यकांनी तोंड उघडे ठेवण्याचा साचा लावून, बॅटरीच्या उजेडात दाढांपर्यंत तपासणी केली. उजवा दात पुढे सरकलेला व हलता होता, तो काढला. डावा घट्ट आणि जागेवर आहे, तो ठेवला. हीच तपासणी यात्रेच्या काळात, खरेदीच्या जागीच प्रत्येक घोडेमालकाला करून घेता यावी, यासाठी पुढील वर्षीपासून सारंगखेड्याला आणि खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेतही पशुसंवर्धन विभागाने दंततपासणीचे साहित्य व त्यात तरबेज पशुवैद्यक उपलब्ध करून द्यावेत, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक अश्वपालक शेतकरी, जि. नंदुरबार