पेन्सिलीने लिहिलेले चाळीस हजार

पुणे,
रविवार, 27 एप्रिल 2025

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

आई, तू पाठवलेले दहा हजार मंगळवारी माझ्या खात्यात आले. शेजारच्या मुलाला सांगून पाठवलेस ना? तेव्हाच फोन करणार होते. पण तुझा आवाज ऐकला की मला रडू येईल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, रात्री मी फोनवर जे बोलले, त्याचं कारण तू बाबांना 'पोरगी दमली आहे' असं सांगितलं असशील. तसं नव्हतं, आई. मी रागाच्या भरात सुचेल ते बोलत नव्हते. माझ्यापुढे वही उघडी होती आणि मी त्यातून वाचत होते.

बाबा ऑगस्टमध्ये पडले तेव्हापासूनची ती वही आहे. लांब, तपकिरी पुठ्ठ्याची. सुरुवातीला ती लागतच होती, कारण इस्पितळात रोज कुठल्या तरी खिडकीवर पैसे भरायचे आणि पावत्या हरवायच्या. मग वॉकर आला, कमोडची खुर्ची आली, ड्रेसिंगचं सामान, पुणे-नगर एसटीचं भाडं. पुढे कधीतरी मी त्यात 'बिनपगारी रजा, 6 दिवस' असं लिहिलं. मग किती रात्री जागले ते लिहायला लागले. एका पानावर आहे, 'धाकटा आला, दोन दिवस राहिला, गेला.' त्या ओळीपुढे रक्कमच नाही. ती ओळ मी कशासाठी लिहिली, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या शुक्रवारी दुपारी आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन वधस्तंभावरील सात वचनांची उपासना होती. पहिलं वचन माझ्याकडे होतं, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' पंधरा दिवस तयारी केली होती. बोलतानाही जीव ओतून बोलले. बाहेर आल्यावर दोन-तीन बायांनी हात हातात घेतले. आणि त्याच रात्री तू मला आनंदाने सांगितलंस, की धाकट्याने बाबांसाठी पाठ टेकायची मोठी खुर्ची पाठवली, शेजारचे सगळे बघून गेले. तुझा तो आनंदच मला सहन झाला नाही. मी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तू मध्ये एकदाही बोलली नाहीस. शेवटी एवढंच म्हणालीस, "बरं बाळा, जेव आता."

मोह म्हटलं की आपण दारू, पैसा, परका पुरुष, परकी बाई असल्याच गोष्टी समजत आलो. त्या दारातून आत येताना ओळखू तरी येतात. माझ्या मनात आला तो न्यायाचे कपडे घालून. रानात सैतान प्रभू येशूकडे आला तेव्हा प्रभू चाळीस दिवसांचा उपाशी होता, आणि सैतानाच्या तोंडी शास्त्रवचन होतं, 91व्या स्तोत्रातलं. माझ्याही तोंडी त्या रात्री शास्त्रच होतं. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख', ही पाचवी आज्ञा मी भावाविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केली, आणि त्यात मान गेला तो तुझाच.

ईस्टरच्या सकाळी प्रभुभोजनाला मी उठू शकले नाही. बाकावरच बसून राहिले. लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणतानाही मी अडकले. बाबा, तुम्ही रोज रात्री पेटी बंद केल्यावर ती म्हणायला लावायचात. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.' मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे 'ऋण' हाच शब्द आहे. लूकमध्ये 'पापे' आहे. इतकी वर्षं मला तो शब्द जुनाट वाटायचा. त्या दिवशी वाटलं, हा माझ्या वहीसाठीच लिहिला आहे.

घरी येऊन मत्तयाचा अठरावा अध्याय काढला, तो निर्दय चाकराचा दाखला. राजाने चाकराचं सगळं देणं माफ केलं, आणि त्याच चाकराने बाहेर पडून आपल्या देणेकरी सोबत्याचा गळा धरला. तुम्ही शिक्षक, म्हणून तुम्हाला गणित मांडून दाखवते. मूळ ग्रीकमध्ये चाकराचं राजाला देणं 10,000 तालांत आहे, आणि त्याच्या सोबत्याचं त्याला देणं 100 दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. म्हणजे चाकर 6 कोटी दिवसांच्या मजुरीचा देणेकरी होता. 'थोडा अवकाश द्या, सगळं फेडीन', असं तो म्हणतो, तेव्हा आपण काय म्हणतो आहोत हे त्याला कळतच नाही.

पण मी थांबले ती त्या 100 दिनारांपाशी. ती काही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे. सोबत्याने ती खरोखर घेतली होती, चाकराचा आकडा खोटा नव्हता. माझाही नाही. धाकट्याने कमी केलं, हे खरंच आहे आणि ते मी आजही म्हणेन. पण खऱ्या आकड्याने भावाचा गळा धरायचा, तोही इतकं माफ झालेल्या माणसाने, हे पाप आहे. आकडा बरोबर असल्यामुळेच मला ते आठ महिने दिसलं नाही.

आणि आकडा तरी पुरता बरोबर होता का? मी पुन्हा वही पाहिली. ऑपरेशनच्या वेळी धाकट्याने 40,000 पाठवले होते. ते वहीत आहेत, तळाशी, बारीक अक्षरात. माझे सगळे खर्च निळ्या पेनाने लिहिले आहेत आणि त्याचे चाळीस हजार पेन्सिलीने. मी ते मुद्दाम तसं लिहिल्याचं आठवत नाही. तेच मला फार लागलं. मन कुठे कललं आहे ते हाताला आधी कळलं होतं.

त्या संध्याकाळी मी गुडघ्यांवर गेले तेव्हा बायबलमधल्या जकातदाराच्या एका ओळीपलीकडे काही सुचलं नाही, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' मला वाटायचं, देवाची दया म्हणजे तो न बघता 'असू दे' म्हणतो. दाखल्यातला राजा आधी हिशेब मागतो. पूर्ण रक्कम त्याच्यापुढे येते, आणि मग त्याला कळवळा येतो. माझी वही देवाने पेन्सिलीच्या ओळीसकट वाचली आहे. ते कळल्यावर मी किती वेळाने का होईना, शांत झोपले.

यातून मी सुटले असं मात्र समजू नका. काल भाजी घेताना पुन्हा तो विचार आला, तसाच्या तसा. सैतान प्रभूलाही 'संधी मिळेपर्यंत' सोडून गेला, असं लूक लिहितो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी होता. त्याने मनाला छळणारे आठ विचार नोंदवले, पुढे त्यातूनच सात मुख्य पापांची यादी झाली. तो म्हणतो की विचार येणं आपल्या हाती नाही, तो मनात मुक्काम करतो की नाही हे आपल्या हाती आहे. मी आठ महिने त्याला जेवू-खाऊ घालत होते. आता तो आला की मी धाकट्याचं नाव घेऊन प्रार्थना करते. कधी जमते, कधी मधेच तुटते.

बुधवारी धाकट्याला फोन केला. त्याच्याबद्दल आठ महिने मनात काय धरून होते, ते त्याला सांगितलं आणि क्षमा मागितली. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "ताई, बाबांना तसं पलंगावर बघवत नव्हतं गं. म्हणून पळालो." हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आई, तुझे दहा हजार परत पाठवते आहे. बाबांच्या पेन्शनमधले ते पैसे माझ्या त्या रात्रीच्या शब्दांची किंमत म्हणून तू काढलेस, हे मला कळतं. मला क्षमा कर. बाबा, तुम्हीही करा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते, तारकपूरला उतरेन. आणायला कुणी येऊ नका. वॉकरच्या पायांची रबरं झिजली आहेत असं बाबा म्हणत होते, नवी घेऊन येते.

तुमची,
ताई