पहिल्यांदा आमदार झालेल्या मित्रास

बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सत्कार चालूच राहतील, पण आधी एक कागद पुरा कर. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांच्या आत डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात पोचला पाहिजे. आपल्या कर्नाटकात खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे. हिशेब वेळेत गेला नाही आणि कारणही पटलं नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. जिंकलेल्याला त्या महिन्यात कागद बघायला सवड नसते, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं. शिवाय दर वर्षी ३० जूनच्या आत लोकायुक्तांकडे मालमत्तेचं विवरण द्यायचं असतं.

आता रोजचं. सकाळी सातपासून अंगणात माणसं असतील. जळालेला टीसी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद झालेली शाळेची बस, थांबलेली पेन्शन, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे न आलेले दोन हजार. ‘बघतो’ म्हणून कुणाला पाठवू नकोस. माणूस समोर असतानाच माहिती पुरी करून घे. टीसी जळाला असेल तर तो २५ चा, ६३ चा की १०० केव्हीएचा, त्यावर पंप किती आणि तक्रार कधी दिली, हे विचार. २५ च्या टीसीवर भार जास्त झाला की तो जळतो. हेस्कॉमने, म्हणजे वीज कंपनीने, तसलाच दुसरा बसवला तर तोही जळणार. तिथं बदलून नको, क्षमता वाढवून मागायची. गृहलक्ष्मीचं बहुतेक वेळा रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव नसतं किंवा बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नसतं, तिथं अडकतं. त्यासाठी आमदाराच्या फोनची गरज नाही. ऑफिसात एक हुशार पोरगा बसव, तो दहा मिनिटांत निकाल लावील.

एक जाड वही ठेव. नाव, गाव, कुठलं खातं, पत्राची तारीख, आवक नंबर आणि पुन्हा विचारायची तारीख. आवक नंबर नसलेलं पत्र गेलंच नाही असं समज. पत्र कन्नडमध्येच जाऊ दे, कारण टेबलावरचा कारकून तेच वाचून पुढं सरकवतो. मराठी प्रत गावकऱ्याच्या हातात दे, म्हणजे आपण काय मागितलं ते त्याला कळेल. त्यासाठी दोन्ही भाषा नीट लिहिणारा सहायक पाहिजे. नात्यातला माणूस नेमू नकोस.

लग्नसराईत दिवसाला दहा-दहा पत्रिका येतील. माझं मत स्पष्ट आहे. मयताला जाच, लग्नघरी दुसऱ्या दिवशी गेलास तरी चालतं. गावाला तुझी गाडी दिसते, फाईलमागची धावपळ दिसत नाही. त्यामुळे चांगल्या हेतूनं आलेला माणूसही हळूहळू नुसता हजेरी लावायला लागतो. तू खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांच्या रस्त्यासाठी आणि मराठी शाळांसाठी उभा राहिलास. आठवड्यातला एक दिवस फक्त त्या दोन कामांना राखून ठेव.

आमदार निधी वर्षाला २ कोटी. गावं दोनशे धरली तर प्रत्येकी एक लाख येतो आणि एक लाखात भिंतसुद्धा पुरी होत नाही. थोडी गावं घे, पण काम पुरं कर, बाकीच्यांना पुढच्या वर्षाचा शब्द लेखी दे. तुझं पत्र म्हणजे नुसती शिफारस. डीसी एस्टिमेट मागवतात, मंजुरी देतात, मग काम निघतं. बहुतेक अडतं ते जागेवर. समुदाय भवन मागतात आणि उतारा कुणा खाजगी माणसाच्या नावावर निघतो. आधी उतारा बघ, मग नारळ फोड.

जंगलातल्या वाड्यांचं वेगळं आहे. वन खातं परवानगी नाही म्हणेल. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पाठ कर. रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, विजेची लाईन अशा १३ कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही शिफारसच कच्ची असते. कोरम नसतो, ठरावात सर्व्हे नंबर नसतो, मोजणीचा नकाशा जोडलेला नसतो. पीडीओला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, बरोबर घेऊन ग्रामसभेआधीच मसुदा तयार ठेव. अभयारण्याच्या हद्दीतल्या गावांसाठी मात्र आधी वन अधिकाऱ्यांशी बसून बोल, तिथले नियम जास्त कडक आहेत.

तालुक्याच्या केडीपी बैठकीचा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या विकासकामांच्या आढावा बैठकीचा, अध्यक्ष तू. दर तीन महिन्यांनी ती होते. नवे विषय घेण्याआधी मागच्या बैठकीतल्या एकेका मुद्द्याचं काय झालं ते विचार आणि अधिकाऱ्याऐवजी हाताखालचा आला असेल तर तसं इतिवृत्तात लिहून घे. सरकारी जमिनीवरची विनापरवाना शेती नियमित करणाऱ्या बगर हुकूम समितीचं अध्यक्षपदही तुझ्याकडे येईल. तिथं तहसीलदारांनी ठेवलेला एकेक अर्ज वाचल्याशिवाय सही करू नकोस, गरिबाची जमीन दुसऱ्याच्या नावावर जायला तेवढी एक सही पुरते.

सभागृहात २२४ जणांत नव्याला बोलायला मिनिटं मिळतात. भाषणापेक्षा प्रश्नावर भर दे. ‘शिक्षक कमी आहेत हे खरे आहे काय?’ असं विचारलंस तर ‘होय’ एवढंच येईल. शाळावार मंजूर जागा, भरलेल्या, रिकाम्या आणि कधीपासून रिकाम्या, हे विचार. मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं की तोच कागद बीईओपुढं, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यापुढं, ठेवता येतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण पहिलीतल्या पोराला शिक्षक याच जूनमध्ये पाहिजे. तातडीच्या गोष्टीला सभागृहाच्या नियम ७३ ची लक्षवेधी सूचना, गावपातळीच्या गोष्टीला नियम ३५१ ची सूचना. घटनेच्या कलम २१० प्रमाणे कन्नड, हिंदी, इंग्रजीत नीट बोलता येत नसेल तर अध्यक्ष मातृभाषेत बोलायला परवानगी देऊ शकतात. तरी आकडे आणि मागणी कन्नडमध्ये मांड, मंत्र्यांनी ती तिथल्या तिथं समजून घ्यावी हा आपला फायदा.

हिवाळी अधिवेशन इथं बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलं की मतदारसंघ दाराशीच येतो. पास, जेवण, निवेदनं यात प्रश्नोत्तरांचा तास बुडतो. भेटी संध्याकाळी ठेव आणि पासाचं काम सहायकाकडे सोपव.

पहिल्या केडीपीची तारीख ठरली की कळव. मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं तालुका पंचायतीतून मागवून घे, मग बसून मुद्दे काढू. आईंना नमस्कार.

तुझा मित्र