चि. प्राजक्तास, अमळनेरहून

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की बालगृहातल्या त्या मुलीची तू मार्गदर्शक ताई झालीस, आणि त्याच दमात बंगळूरच्या बदलीचंही बोललीस. फोन ठेवला तर जिजी विचारते, "पोर काय म्हनी राहिनी?" सांगितलं. ती खूश झाली. मीही झालो, पण रात्री झोप लागेना.

मुलगी 17 वर्षांची. म्हणजे लवकरच तिला ते घर सोडावं लागणार. कायद्यात 18 नंतर 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण ती पदरात पडायला कुणीतरी खेटे घालणारं लागतं. तुझे दाखले काढायला तहसीलच्या चकरा मी मारल्या, तू फक्त सहीला यायचीस. तिच्यासाठी कोण मारणार? तूच ना? आणि तू बंगळूरला गेलीस तर?

तू पाठवलेले प्रशिक्षणाचे कागद वाचले. अमेरिकेत 1904 पासून चाललेल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात वर्षभर टिकलेल्या सोबतीचा फायदा दिसला, तीन महिन्यांच्या आत तुटली तिथे मुलांना स्वतःची किंमत आधीपेक्षाही कमी वाटू लागली. ते वाचल्यापासून ती पोर डोळ्यांपुढून हलत नाही.

आपले आबा पातोंड्याहून येऊन प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात राहिले, साने गुरुजी तिथे होते तेव्हा. गुरुजी पोरांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. 1930 ला ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आबा सांगायचे, घरचं माणूस गेल्यासारखं झालं होतं. पण सत्तरी ओलांडल्यावरही शर्टाची गुंडी तुटली की आबा सुई-दोरा घेऊन स्वतः बसायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. तुला आठवत नसणार, तू पाळण्यात होतीस. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि दोरा ओवला की केवढं समाधान! सुनीलला असं कुणी भेटलं असतं तर. जाऊ दे.

तिच्या हातात पैसे देऊ नकोस, हिशेब शिकव. कुठला कोर्स, कुठली नोकरी, हे तिला ठरवू दे. तू फक्त बरोबर जाऊन चौकशी कर. खातं अज्ञान, म्हणजे 18 च्या आतली, म्हणून उघडलेलं असेल तर 18 पूर्ण होताच बँकेत नवी सही आणि केवायसी द्यावी लागते. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचं बालगृहात असतानाच बघा. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, पण तो कागद लागतो. मतदार यादीसाठी नमुना 6. हे सगळं बदलीच्या आधी उरकलं तर बरं.

बघ, पुन्हा बदलीवरच आलो. आणि शिकवायलाही लागलो. माफ कर. बँकेतून निवृत्त झालो तरी कागद बघायची सवय जात नाही, आणि तू मला न विचारता एवढी जबाबदारी घेतलीस याचा अभिमानही आहे. पहिल्या वर्षाला तुला डेंग्यू झाला तेव्हा नागपूरची ती सीनियर रात्रभर दवाखान्यात बसून होती. मी सकाळी पोचलो. तुझी आई अजून तिचं नाव घेते.

बंगळूर फार लांब आहे गं. अमळनेरहून निघालो तर दुसऱ्या दिवशीसुद्धा वेळेत पोचेन की नाही.

बामणोदची वांगी आलीत, भरीताला तुझी वाट बघतोय. तिलाही आण, पण बालगृहाला आणि बाल कल्याण समितीला आधी विचार, परस्पर काही करू नकोस. बदलीचं पक्कं झालं की पहिल्यांदा तिला सांग, समोर बसून. मला नंतर कळलं तरी चालेल.

तुझे,
नाना