आप्पांना जाहीर आभारपत्र

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे, ते मुद्दाम. तालुक्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल असूनही तुम्ही आमच्या शाळेत येऊन मुलांना माहिती तपासायला शिकवलंत, त्या कामाची नोंद कुठल्याच कागदावर नाही. शेरेबुकात तुमची सही आहे आणि त्यावर ‘वर्गाला भेट दिली, समाधान वाटले’ एवढी एक ओळ. शिक्षण विभागाच्या रकान्यात हे काम बसत नाही, ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालातही नाही. इतर शाळांमधल्या शिक्षकांनी हे वाचावं आणि तालुक्याच्या गावात पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसलेल्या एखाद्या ग्रंथपालानेही वाचावं, एवढ्यासाठी हे उघड पत्र.

तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे यंत्रं होती. राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याचा उत्साह आमच्या साक्री तालुक्यातही पोचला. गावाने लोकवर्गणी काढली, टीव्ही आला, काही टॅब आले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी त्याची वाट दाखवली होती आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या घरातलंच कुणी जिंकल्यासारखं वाटलं. त्या कोडने आमचं काम खरंच सोपं केलं. पण तुम्ही एकदा फळ्यापाशी उभे राहून जे म्हणालात ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पुस्तकातला कोड उघडला की समोर येणारा धडा कुणीतरी आधी तपासलेला असतो. तोच टॅब हातात घेऊन मूल एक पाऊल बाहेर गेलं की तिथलं काहीच कुणी तपासलेलं नसतं. तिथे तपासनीस ते मूलच. आणि त्याला ते काम आपण शिकवलेलंच नाही.

२०१८ च्या पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ जुलै, रविवार, राईनपाड्याचा बाजार. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. आपल्याच तालुक्यात. कित्येक दिवस आधीपासून फोनवर ‘टोळी आली आहे’ असे संदेश फिरत होते. त्या आठवड्यात वर्गात मुलं गप्प होती आणि आम्हा शिक्षकांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. तुम्ही आपणहून एसटीने शाळेत आलात आणि मुख्याध्यापकांकडे आठवड्याचा एक तास मागितलात. मानधनाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही तो ऐकूनच घेतला नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही राईनपाड्यापासून सुरुवात कराल. तुम्ही पावसापासून केलीत.

वाचनालयातून एकाच दिवसाची तीन वर्तमानपत्रं आणलीत. तिन्हींत आपल्याकडच्या पावसाचे आकडे वेगवेगळे. मुलांना विचारलंत, यातलं खरं कोणतं? वर्गात गोंधळ उडाला. मग प्रत्येक बातमी बोट ठेवून वाचायला लावलीत. एका बातमीत जिल्ह्याची सरासरी होती, दुसरीत तालुक्याची, तिसरीत एका महसूल मंडळाची, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाची. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकत होते. त्यानंतर मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक करून शाळेच्या आवारात ठेवला आणि रोज सकाळी वहीत मिलिमीटर लिहू लागली. आपला आकडा आणि मंडळाचा आकडा जुळत नाही म्हणून एक मुलगा फारच अस्वस्थ झाला होता. तुम्ही त्याला समजावलंत की मंडळाचं मापक काही किलोमीटर लांब आहे आणि ढग गावाची शीव पाहून पडत नाही. पीकविम्याच्या भरपाईत तेव्हा मंडळाच्या आकड्याला वजन होतं, हे कळल्यावर तर घरोघरचे बाप वही पाहायला शाळेत आले. इंटरनेटचा एक शब्दही न काढता तुम्ही मुलांना माहितीचा सगळ्यात कठीण धडा दिलात: आकडा कुठून आला, कुणी मोजला, कशाचा मोजला.

तिथून वर्गाला दोन प्रश्नांची सवय लागली. आमची मुलं घरी अहिराणी बोलतात, म्हणून तुम्ही प्रश्नही अहिराणीतच दिलेत. कोन सांगस? त्याले कसं माहीत?

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मुलं एक फोटो घेऊन आली. अंतराळातून दिसणारा भारत, लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांनी उजळलेला, खाली ‘नासाने दिवाळीच्या रात्री टिपलेलं छायाचित्र’. दरवर्षी फिरतो तोच. तो तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला आणि माझ्या नोकरीत इतका चांगला तास मी फार कमी वेळा पाहिला आहे. तुम्ही फोटोला खोटं म्हटलंच नाही. उलट विचारलंत, आपल्या घरावरच्या आकाशकंदिलाचा उजेड इतक्या उंचीवरून दिसेल का? रस्त्यावरचे दिवे रोज लागतात, मग दिवाळीत त्यात किती भर पडत असेल? मुलांनी टॅबवर फोटो टाकून तो आधी कुठे कुठे आला आहे ते शोधलं. चित्र काही वर्षं जुनं निघालं. मग नासाचंच स्पष्टीकरण सापडलं आणि तुम्ही ते मराठीत समजावलंत. ते एका रात्रीचं छायाचित्र नाहीच. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले दिवे एकावर एक ठेवून केलेलं ते चित्र आहे. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे, २००३ मधले लाल. म्हणजे ती वाढत्या शहरांची गोष्ट आहे. नासाने २०१२ च्या दिवाळीच्या सुमाराचं खरं चित्रही दिलं आहे आणि सोबत म्हटलं आहे की दिवाळीच्या जादा उजेडाने अंतराळातून फरक जाणवत नाही.

मुलं हिरमुसतील असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. लाल ठिपके कुठे दाट आहेत ते ती शोधत बसली, पुणे, मुंबई, सुरत. आपल्या भागात लाल का कमी, असं एका मुलीने विचारलं आणि भूगोलाचा एक अख्खा तास तिथून निघाला. खोट्या मथळ्यामागचं खरं चित्र खोट्यापेक्षा जास्त रंजक होतं. हे मुलांनी स्वतः अनुभवलं, म्हणून त्यांना शोधण्याची गोडी लागली. नुसतं ‘फॉरवर्ड करू नका’ सांगून ती कधीच लागली नसती.

त्या वर्षी २७ नोव्हेंबरला राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस, बरीचशी शाळांमधूनच. लगेच संदेश आले की या इंजेक्शनने पुढे मूल होत नाही. काही पालकांनी मुलं शाळेत पाठवायची नाहीत असं ठरवलं होतं. सातवीच्या मुलांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण बाकीच्यांना कळावं म्हणून लिहिते. त्यांनी संदेशात डॉक्टरचं नाव, दवाखाना, तारीख शोधली. काहीच नव्हतं. मग त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र लिहिलं, त्यात स्वतःचे आणि आयांनी सांगितलेले प्रश्न घातले. वैद्यकीय अधिकारी आशाताईंना घेऊन शाळेत आले, पालकांसमोर बसले आणि एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, हात दुखू शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. गोवराने मुलं दगावतात आणि गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाच्या कानांवर, डोळ्यांवर, हृदयावर परिणाम होतो, हेही सांगितलं. बहुतेक पालकांनी होकार दिला. जाणकार माणसाला गाठून विचारणं हाही माहिती मिळवण्याचा मार्ग आहे, हे मुलांना तुम्हीच पटवलं होतं.

आणि मग, वर्ष संपत आल्यावर, तुम्ही तो व्हिडिओ लावलात. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. त्या काळात देशभर फिरलेला. आमच्या मुलांनीही तो पाहिलेला होता. तुम्ही पूर्ण व्हिडिओ दाखवलात. शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून धरतात. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला केलेली ती जाहिरात होती. कुणीतरी शेवट कापून ती आपल्याकडे पाठवली होती. वर्गात कुणी काही बोललं नाही. राईनपाड्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, मारहाणीचं एकही दृश्य दाखवलं नाहीत, आणि तरी प्रत्येकाला कळलं. हे जुलैत केलं असतं तर मुलं घाबरली असती किंवा मोठ्यांची बाजू घेत बसली असती. पाऊस, दिवाळी, लस असं करत ती तिथवर आली होती. ज्या गोष्टीबद्दल मनात भीती किंवा राग नाही तिथे तपासायला आधी शिकवायचं, हा क्रम तुमचा होता, आणि आज मी नव्या शिक्षकांना हाच सांगते.

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुम्ही आम्हा शिक्षकांसमोर बोललात तेही मला आठवतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे १० पीएच.डी. अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना एकाच प्रकारची संकेतस्थळं तपासायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी समोरचं पान नीट वाचत बसले आणि देखणी मांडणी, भारदस्त नाव यांना भुलले. तथ्य-तपासनीस मात्र पानावर थांबलेच नाहीत. दुसरी खिडकी उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिलं. ‘नीट वाचा’ हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. तुम्ही त्याच्या आधीची पायरी दाखवलीत: वाचण्याआधी हे कुणाचं आहे ते बाहेर जाऊन विचारा.

एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, पण मी पाहिली. टॅब वाटताना तुम्ही आधी मुलींच्या हातात द्यायचात. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्के जणींकडे. आमच्या वर्गातही फोन दादाचा असतो, मुलगी त्याच्या खांद्यावरून पाहते. शोधायला स्वतःचं बोट चालावं लागतं, हे ओळखून तुम्ही बोललात कमी आणि केलंत जास्त. पुढच्या वर्षीच्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोनबंदीने हा आकडा उलटेल असं मला वाटत नाही. तुमच्या तासासारखे तास वाढले तर काही होईल.

आता मुलं एआयला प्रश्न विचारतात. मध्यंतरी एका मुलीने खानदेशच्या इतिहासावरची पुस्तकं विचारली आणि मिळालेली यादी चिठ्ठीवर उतरवून तुमच्याकडे पाठवली. तुम्ही वाचनालयाची सूची पाहिलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केलात आणि तिला उत्तर लिहिलंत की यातली दोन पुस्तकं कुठल्याच सूचीत सापडत नाहीत, ती कुणी लिहिलेली दिसत नाहीत. सोबत १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधल्या आपल्या भागाच्या पानांची छायाप्रत आणि ‘मराठी विश्वकोशा’तली नोंद जोडलीत. एका सातवीतल्या मुलीच्या चिठ्ठीसाठी एवढं कोण करतं?

आप्पा, मला एक गोष्ट मनापासून सलते. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ-ब-क-ड वर्ग पाडले, अनुदानं ठरवली. पण तुमच्यासारख्या कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं पडून आहे आणि आमच्यासारख्या प्राथमिक शाळेला ग्रंथपाल म्हणून कुणी मिळत नाही. स्रोत कोणता, आवृत्ती कोणती, लेखक कोण हे पाहणं ज्यांचा रोजचा धंदा आहे तीच माणसं आपण शाळेबाहेर ठेवली आहेत. २०१८ मध्येच केरळच्या कन्नूरमध्ये जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी ‘सत्यमेव जयते’ नावाने सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. तिथे प्रशासनाने केलं, इथे एका ग्रंथपालाने एसटीच्या तिकिटाच्या खर्चात केलं. दोन्ही व्हायला हवं. आठवड्याचा एक तास वेळापत्रकात लिहून यावा आणि तो घ्यायला तालुक्याच्या वाचनालयातून माणूस यावा, त्याचा त्याला मोबदला मिळावा, असा ठराव आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने केला आहे. त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला दिली आहे. एक प्रत तुमच्याकडेही पाठवते.

जूनमध्ये नवी सहावी येते आहे. पर्जन्यमापक नवीन करायचा आहे आणि गेल्या पावसाळ्यातले वर्तमानपत्रांचे जुने अंक तुमच्याकडे बांधून ठेवलेले असतील तर त्यातले जुलैचे हवेत. या वेळी ते न्यायला मी आणि सातवीची मुलं वाचनालयात येतो. मुलांना सूची कशी पाहायची तेही तिथेच दाखवा. सगळ्या तासांबद्दल, सगळ्या चिठ्ठ्यांच्या उत्तरांबद्दल आणि आमच्या मुलींच्या हातात दिलेल्या टॅबबद्दल तुमचे मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सातवीची वर्गशिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, साक्री तालुका, जि. धुळे