मॅनेजर न झालेल्या झिलाचं पत्र

डोंबिवली, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळे बरे आहेत. फोनवर बोललो असतो, पण आई फोन स्पीकरवर टाकते आणि खळ्यात बसलेली अर्धी वाडी ऐकते. हे तुम्हा दोघांसाठीच आहे. आई, तू चष्मा लावून स्वतः वाच. बाबा वाचून दाखवताना नको ती वाक्यं गाळतात.

गणपतीत आरती झाल्यावर बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "झील आता मॅनेजर होतलो, पुण्याक." माझ्या हातात पंचखाद्य होतं, ते तोंडात टाकलं आणि गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती जागा मी आठ दिवस आधीच नाकारली होती. आता कलमांना मोहोर आला असेल. म्हणजे हे सांगायला मला चार महिने लागले.

चौदा माणसं हाताखाली, पगारात चांगली वाढ. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, "मुलगी लहान आहे." त्यांनी लगेच मान हलवली, पुढे काही विचारलंच नाही. चिऊ साडेतीन वर्षांची आहे, तेव्हा खोटं काही बोललो नाही. पण कारण ते नव्हतं.

माझी इच्छाच गेली आहे, बाबा. आणि ती चिऊच्या जन्माआधीच गेली.

2021 साल होतं, घरूनच काम चालायचं. बढत्यांची यादी मेलवर आली. माझ्या मागून लागलेल्या एका मुलाचं नाव होतं, माझं नव्हतं. दोन वर्षं आधी असं झालं असतं तर मी रात्रभर छताकडे बघत पडलो असतो. त्या दिवशी त्याला अभिनंदनाचा मेसेज टाकला आणि कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटलेलंच नाही. भीती वाटली ती त्याची. तीस वर्षांचा धडधाकट माणूस आणि पुढे जावंसं वाटत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं असणार असं वाटून मी डॉक्टरकडे गेलो. साखर, थायरॉईड, सगळं तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, सकाळी उन्हात फिरत जा. फिरतो. फरक एवढाच की पाय दुखायचे थांबले.

काम मी नीट करतो, हे आधी सांगून ठेवतो. कुणाचं काही अडवून ठेवत नाही, उशिरा जात नाही. फक्त वरच्या खुर्चीकडे बघितलं की ती कुणा दुसऱ्याची वाटते.

मग चिऊ झाली. तुमच्या सुनेला 26 आठवड्यांची रजा मिळाली, 2017 साली कायदा बदलला त्यामुळे. बापाला खासगी नोकरीत कायद्याने एक दिवस नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना 15 दिवस तरी मिळतात. मला आमच्या कंपनीने पाच दिले. सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडला तर सगळे म्हणाले, आता काय, पोरीत जीव अडकला असेल. मला ते फार सोयीचं वाटलं. तेव्हापासून काही नको असलं की मी पोरीचं नाव पुढे करतो. हिचं उलट आहे. रजेवरून परतल्यावर दोन वर्षांत ती माझ्या पुढे गेली, आणि सहाला ऑफिसातून निघून ठाण्याला गाडी बदलून धावत पाळणाघर गाठायचं काम माझ्याकडे आलं. बायलेच्या जिवावर बसलोय असं कुणी म्हणेल, म्हणू दे. आई, तुला मात्र ते लागेल, हे मला माहीत आहे.

लिहायला वेळ लागला तो त्या कलमांमुळे. 2009 साली मी इंजिनिअरिंगला गेलो, त्या पावसाळ्यात तुम्ही विहिरीकडच्या पाच कलमांच्या बुंध्यांशी कल्टार ओतलंत, दरवर्षी मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध. त्याआधी कधी घातलं नव्हतं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष झोपतो. फी मात्र दरवर्षी भरायची होती. चारही वर्षं कलमं धरली. अशा कलमांना खत जास्त लागतं, आणि खताचे पैसे माझ्या हॉस्टेलला गेले. कोपऱ्यातलं कलम शेंड्याकडून वाळत आलं. ते तुम्ही तोडलंत तेव्हा मी दिवाळीला घरी होतो. "सरपण झाला," एवढंच म्हणालात. अशा बापाला 'मला मॅनेजर व्हायचं नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत तरी घरात एक वाक्य होतंच: पोरांसाठी केलं. त्या वाक्याला उत्तर नसतं. उद्या चिऊ मोठी होईल आणि कुणीतरी सहज सांगेल, तुझ्यामुळे तुझ्या बापाचं राहिलं. तिने काय करायचं मग? माझं काही राहिलेलं नाही, आणि जे नकोसं झालं त्यात तिचा हात नाही. वाडीत काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. झील आळशी निघाला म्हणालात तरी चालेल. पण पोरीमुळे, असं सांगू नका.

निश्चिंत आहे असं समजू नका. घराचे हप्ते 2041 पर्यंत आहेत. हिने परवा विचारलं, "चाळिशीत तुला काढलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

बाबा, एक विचारायचं आहे. तुम्ही गिरणीत बदली कामगार होतात, कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी काम. लालबागला गावकीच्या, म्हणजे गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत पाळीपाळीने झोपायचात, आणि तुमच्या तोंडी तेव्हा एकच शब्द असायचा म्हणे: कायम. एकदा कायम झालो की झालं. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि वर्षभर वाट बघून तुम्ही पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आलात. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, पण गिरण्या हळूहळू चालू झाल्या, आणि खोलीतल्या एका दोस्ताचं तुम्हाला पत्र आलं की ये, साच्यावर, म्हणजे मागावर, माणूस घेतायत. आई सांगते, ते पत्र तुम्ही कौलाखाली वाशाला खोचून ठेवलंत आणि नांगर घेऊन खाली मळ्यात गेलात. आईशी लग्न व्हायचं होतं, पोरंबाळं नव्हती, आजोबा हिंडतेफिरते होते. म्हणजे कुणासाठी थांबलात असं म्हणायला कुणीच नव्हतं.

का गेला नाहीत? मी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही आपणहून सांगणाऱ्यातले नाहीत.

मे महिन्यात येतोय, पंधरा दिवस, तुतारी एक्स्प्रेसने. आई सकाळी मासे आणायला जेटीवर गेली की आपण दोघे विहिरीवर बसू. तेव्हा सांगा. नाही सांगितलंत तरी बसू.

तुमचोच,
झील

ता. क. आई, चिऊला तुझ्या हातची पेज आणि लोणचं पाहिजे म्हणते. लोणचं तिने चाखलेलंही नाही, माझं ऐकून ऐकून मागते. तिखट बेताचं घाल.