ओढ्याचे खोलीकरण आणि आटलेल्या विहिरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ओढा खोलीकरणावरील कालच्या अंकातील लेख वाचला. काठोकाठ भरलेल्या चराचे छायाचित्र देऊन लेखकाने हे काम दुष्काळावरचा हमखास उपाय ठरवले आहे. ते छायाचित्र परतीच्या पावसानंतरचे दिसते. त्याच जागेचे फाल्गुनातले छायाचित्र शेजारी छापायला हवे होते.

आमची विहीर ओढ्याच्या काठावरच आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (झिजलेला, पाणी झिरपू देणारा खडक) आणि तळाशी काळा पाषाण, असे थर तिच्या कडेला उघडे दिसतात, आणि पाझर फुटतात ते मांजऱ्यातून. कमी पावसाच्या वर्षीही या पाझरांवर आमची ज्वारी आणि डाळिंबाची बाग तगत असे. मग शेजारी पोकलेन लावून ओढा पार पाषाण उघडा पडेपर्यंत, म्हणजे पाझरांच्याही खाली खोदला गेला. दिवाळीत चर भरला, गावाने पूजन केले. परंतु चराच्या आमच्या बाजूच्या कडेतून पाणी निथळत होते, ते आमच्याच विहिरीचे होते. संक्रांतीलाच विहिरीने तळ दाखवला आणि चरात उतरलेले पाणी पुढे ऊन-वाऱ्याने उडून गेले. काठावर रचून ठेवलेला गाळही पुढच्या पावसात पुन्हा ओढ्यातच आला. आम्ही तक्रार केली, तेव्हा काम करवून घेणाऱ्यांनी बोअर घेण्याचा सल्ला दिला.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे याच काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाण पाणी धरत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, आणि हा थर आमच्या भागात फार जाड नाही. पावसाळा संपल्यावर मार्गशीर्षात ओढ्याला जे पाणी असते, ते याच थरातून सावकाश पाझरून आलेले असते. ओढ्याचा तळ त्या थराखाली नेला की दोन्ही काठांचे भूजल चराकडे धावते आणि चार महिने पुरायचे पाणी काही आठवड्यांत उघड्यावर येते. आमच्याकडे बाष्पीभवन पावसाच्या कैक पट आहे, त्यामुळे उघड्यावरचे पाणी उन्हाळ्यात टिकत नाही. ओढ्यातील साठलेला गाळ काढण्यास माझा विरोध नाही. मूळ तळ फोडण्यास आहे. पाणलोटाचे काम माथ्यावरून सुरू व्हायला हवे: आधी डोंगरउतारावरील समतल चर आणि झाडोरा, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओघळी आणि सर्वांत शेवटी ओढा. वरची कामे सोडून यंत्र थेट ओढ्यातच उतरते, कारण तेथे घनमीटर मोजून देयक काढणे सोपे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विहिरी आटल्या की शेतकरी बोअरकडे वळतो. शेती व उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने मनाई केलेली असताना आमच्या शिवारात पाचशे फुटांच्या गोष्टी सर्रास चालतात. खोलवरच्या भेगांत पाणी लागले, तरी ते फिरून भरायला पुष्कळ काळ लागतो. खोलीकरणाच्या कौतुकात या खर्चाचा आणि या उपशाचा हिशेब कुठेच नाही.

लेखकाने चरातील पाणी मोजले, तसे काठावरच्या विहिरींचे पाणीही मोजायला हवे होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून राज्यात भूजलाचे काम करते आहे आणि निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी ठेवते. खोलीकरण झालेल्या गावांतील विहिरींच्या अशा नोंदी, कामाआधीच्या आणि नंतरच्या, आपण मिळवून छापाव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक तक्रार. त्याच पानावरील नकाशात माण नदी नीरेला मिळताना दाखवली आहे. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माण म्हसवड, आटपाडी, सांगोला या भागांतून वाहत येऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. शाळकरी मुलेही आपले वृत्तपत्र वाचतात, तेव्हा ही चूक पुढच्याच अंकात दुरुस्त करावी.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. सांगोला